सीताफळाच्या बियांची पूड

२२ ऑक्टोबर २००१, सोमवार

ही वही नाशिकच्या शिबिरात मिळाली. बियाणं कसं साठवायचं याचं शिबिर, तीन दिवसांचं. आमच्या महिला बचत गटाची अध्यक्षा म्हणून मी गेले होते. मॅडम म्हणाल्या, "चंद्रभागाबाई, घरी गेल्यावर रोज नोंदी ठेवा. कोणत्या बरणीत काय घातलं, किती दाणे किडले, सगळं लिहा." अंगणवाडीची रजिस्टरं भरून माझी बोटं झिजली, त्यात हे आणखी एक. पण ही वही कोणी तपासणार नाही म्हणे. मग मी हिच्यात वाटेल ते लिहीन, हिला विचारतंय कोण!

शिकवलं ते असं. कडुलिंबाचा पाला, निर्गुडीचा पाला, वेखंड, हे सावलीत वाळवायचं, कुटायचं, वस्त्रगाळ करायचं आणि ती पूड बियाण्याला चोळायची. विषारी गोळ्यांची गरज नाही. भुंगेरे लागत नाहीत. मी हात वर करून विचारलं, "आणि सीताफळाच्या बिया?" मॅडमनी आपले कागद चाळले. म्हणाल्या, "उपयोग होतो असं ऐकलंय, पण मी स्वतः केलेलं नाही. माहिती काढून सांगते." घ्या! शिकवणाऱ्या बाईला ठाऊक नाही ते आम्हा अडाण्यांना ठाऊक.

अंगणवाडीत पोरींच्या डोक्यात उवा झाल्या की मी काय करते? सीताफळाच्या बियांची पूड खोबरेल तेलात कालवते आणि चोपडते. डोळ्यांवर फडकं बांधते, करकचून. पोरगी बोंबलली तरी सोडत नाही. माझी आईही तसंच बांधायची. तासाभरानं डोकं धुतलं की उवा खलास. आता जी पूड उवांना सोडत नाही ती भुंगेऱ्याला सोडेल होय?

फाट्यावर उतरले तर सुवर्णा उभी. माझी सून. मे महिन्यात लग्न झालं. सटाण्याकडची आहे, तिकडची अहिराणी बोलते, आमच्याशी बोलताना सांभाळून बोलते. पिशवी माझ्या हातातून ओढून घेतली. म्हणाली, "आई, तीन दिवस घर खायला उठलं होतं." मी म्हटलं, "घर कसलं खातंय, तूच काही खाल्लं नसशील." खरंच नव्हतं खाल्लं.

२५ ऑक्टोबर

पाच बरण्या मांडल्या. एकीत नुसता हरभरा, बाकीच्या चार बरण्यांत कडुलिंब, निर्गुडी, वेखंड आणि सीताफळ. गटातल्या नवसाबाईच्या किडक्या मुगातून भुंगेरे धरून आणले आणि प्रत्येक बरणीत दहा-दहा मोजून सोडले. सुवर्णा म्हणाली, "पाहुण्यांना पानावर बसवलं की काय?" हसून हसून आमच्या दोघींच्या हातातले भुंगेरे सुटले, मग पुन्हा धरापकड.

सध्या डोंगर सीताफळांनी लगडलाय, गावभर बियांचे ढीग. सुवर्णा घरोघर जाऊन दोन गोण्या घेऊन आली. गिरणीवाल्यानं मात्र हात जोडले. म्हणे, "काकू, लोकांचं पीठ कडू झालं तर मला गावात ठेवतील का?" म्हणून घरीच उखळात कुटायचं ठरवलं. कुटणं माझं, चाळणं सुवर्णाचं. तिचा हात लय हलका. लुगड्याच्या जुन्या तुकड्यातून अशी पूड गाळते की बोटाला लागत नाही. मला दर थोड्या वेळानं चष्मा पुसावा लागतो, इतकी बारीक उडते.

४ नोव्हेंबर, रविवार

जीवन आला होता. तो सातपूरला कंपनीत आहे, दर दुसऱ्या रविवारी येतो. म्हणाला, "आई, खोली मिळाली. दिवाळी झाली की सुवर्णाला नेतो."

न्यायचीच आहे, मी कुठं नाही म्हणतेय? लेकराला डबा कोण देणार तिथं. पण इथं बरण्या अर्ध्यावर. आणि जानेवारीच्या दहा तारखेला नाशिकला गटांचं प्रदर्शन आहे, त्यात आमच्या पुडीची पाकिटं ठेवायची ठरलंय. गटातल्या लंकाबाईच्या हाताला चाळण दिली तर ती अर्धं जमिनीवर सांडेल आणि अर्ध्या वेळ गप्पा हाणील. मी जीवनला तसं सांगितलं. 

जीवनच्या बापाला जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून जेवायला बसताना रेडिओ लावायची सवय होती मला. परवा लक्षात आलं, सहा महिने झाले, रेडिओतले सेल फुगलेत आणि मला पत्ताच नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी झाली. मी युक्ती केली. जीवन न्यायला आला तेव्हा म्हटलं, "संक्रांतीपर्यंत राहू दे. नव्या सुनेची पहिली संक्रांत सासरी व्हायला पाहिजे, हलव्याचे दागिने घालायचेत." आता दागिने काय नाशिकला घालता येत नाहीत? पण असं काही म्हटलं की पुरुषांना पुढं बोलता येत नाही.

दोघं ओट्यावर बराच वेळ कुजबुजत होते. तो जाताना तोंड पाडून गेला. सुवर्णा आत येऊन म्हणाली, "मी थांबते आई, संक्रांतीपर्यंत." मनात म्हटलं, चंद्रभागे, जिंकलीस.

२४ नोव्हेंबर

आज महिना झाला. प्रत्येक बरणीतून शंभर दाणे मोजून भोकं बघितली. नुसता हरभरा: एकतीस. निर्गुडी: चौदा. कडुलिंब: नऊ. वेखंड: चार. सीताफळ: एकही नाही! सुवर्णानं दोनदा मोजलं, मी तिसऱ्यांदा. भुंगेरे पाय वर करून पडलेले.

मी अशी आनंदले की सुवर्णाला धरून गोल फिरले. लंकाबाई दारातून बघत होती. म्हणाली, "सासू-सुना फुगड्या घालतायत, कलियुग संपलं वाटतं." बघ की, म्हटलं, डोळे भरून बघ.

पाकिटावर छापायचा मजकूरही मीच केला: "झाडाचं औषध. कोणालाही अपाय नाही. फक्त पेरणीच्या बियाण्यासाठी, खायच्या धान्याला लावू नये." सुवर्णानं सुवाच्य अक्षरात लिहून काढला. लिहिताना म्हणाली, "आई, अपाय नाही तर खायच्या धान्याला का नाही?" मी म्हटलं, "कडू लागतं म्हणून. लिही मुकाट्यानं."

९ डिसेंबर, रविवार

पाकिटांची मागणी वाढली. शेजारच्या दोन गावांतल्या गटांनीही मागितलीय. रोज दुपारी कुटणं-चाळणं चालू आहे. गेल्या रविवारी जीवन आला नाही, ओव्हरटाइम आहे म्हणे. यादवच्या दुकानातल्या फोनवर सुवर्णाशी बोलला. ती फोनवर नुसती "हो, हो" करत होती.

सुवर्णाला खोकला आहे. ज्येष्ठमध चघळायला दिलं.

२० डिसेंबर

सुवर्णाचे डोळे रोज संध्याकाळी लाल होतात. पाणीही येतं. विचारलं तर म्हणते, "काही नाही आई, जरा चरचरतंय." मला का कळत नाही? नवऱ्याच्या आठवणीनं रडते पोरगी आणि पुडीवर ढकलते. आम्हीही सुना होतो. चुलीच्या धुराचं नाव सांगून रडलोय आम्ही.

पुडीचं असतं तर मला नसतं का झालं? मी तर उखळाजवळ तिच्यासमोरच बसते, सगळा धुरळा माझ्या तोंडावर येतो. चष्मा पांढरा फक होतो. माझ्या डोळ्याला काही नाही. मग हिलाच कसं होईल?

तिला म्हटलं, "राहिले किती दिवस? संक्रांत झाली की जायचंच आहे की." ती हसली. म्हणाली, "तुम्ही काय करणार मग?" मी म्हटलं, "सुटले म्हणेन." उगाच बोलले. तिचंही तोंड एवढंसं झालं.

२७ डिसेंबर

आज सुवर्णा म्हणाली, "आई, आज चाळायचं राहिलं तर चालेल का? डोळा उघडवत नाही." आधीच प्रदर्शनाला पंधरा दिवस राहिले, चारशे पाकिटं व्हायचीत, आणि हिचं हे! मी जरा ताडकन बोलले. म्हटलं, "नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. सुवर्णा नाव ठेवून काय, थोडं तरी चमकावं माणसानं." तिनं गुमान चाळण घेतली.

नंतर वाईट वाटलं. तिच्या आवडीची शेंगदाण्याची चटणी केली. तिनं खाल्ली आणि ताट उचलून धुवायला गेली.

२९ डिसेंबर, शनिवार

काल घडलं ते लिहिते.

दुपारी अंगणात चाळत बसलो होतो. आत अंधार म्हणून मीच बाहेर बसायला लावलं. वाऱ्याची वावटळ आली आणि चाळणीतली सगळी पूड सुवर्णाच्या तोंडावर. ती अशी किंचाळली की मळ्यातले लोक धावत आले. "आई, आग, आग होतीय!" मी तांब्यानं पाण्याचे दोन-चार हबके मारले. ती डोळे चोळायची थांबेना, मी हात धरले तरी थांबेना. मग कोणी म्हणालं, बाळंतिणीचं दूध घाला. लंकाबाईच्या सुनेचं, निकिताचं, वाटीत आणून दोन्ही डोळ्यांत घातलं. आग काही कमी होईना.

चार वाजता कळवणला नेलं. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. विचारलं, "काय गेलं डोळ्यात?"

सुवर्णाचे डोळे मिटलेले. मी उभी होते तिकडं तिनं तोंड केलं.

मी म्हटलं, "धूळ. वावटळ आली होती."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "नुसती धूळ? चुना, तिखट, असलं काही?" मी म्हटलं, "नाही, खळ्यातली धूळ." सुवर्णाही म्हणाली, "हो, धूळच." त्यांनी थेंब दिले, पट्टी बांधली, चार दिवसांनी या म्हणाले.

का खोटं बोलले? बाहेर लंकाबाई आणि दोघी-तिघी बसल्या होत्या, आतलं सगळं ऐकू जात होतं. सीताफळाची पूड म्हटलं असतं की संध्याकाळी गावभर झालं असतं. चारशे पाकिटांवर "कोणालाही अपाय नाही" छापलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि झाडाचंच तर आहे. पाण्यानं, दुधानं निघून गेलं असणार. आता नुसती आग राहिलीय, ती थेंबांनी जाईल.

डॉक्टरांना खरं सांगितलं असतं तरी त्यांनी थेंबच दिले असते. दुसरं काय देणार होते?

३१ डिसेंबर

सुवर्णा भिंतीकडं तोंड करून पडून आहे. उजेड सोसत नाही म्हणून खिडकीला घोंगडी लावली. भरवलं तर दोन घास खाते. मी म्हटलं, "उद्या परत दाखवायला जाऊ, तेव्हा सांगू का डॉक्टरांना?" ती म्हणाली, "काय सांगायचं आई? तुम्ही म्हणाल तसं." एवढ्या त्रासात पोरगी मला अडचणीत आणायला तयार नाही. मी तिच्या केसांवरून हात फिरवत बसले. केसांतून अजून पूड निघते.

आज लक्षात आलं. अंगणवाडीत पोरींच्या डोळ्यांवर फडकं बांधते ते कशासाठी? सहा वर्षांच्या पोरीचे डोळे मी जपते. हिच्या डोळ्यांना मी फडकं बांधलं नाही. बांधलं असतं तर चाळलं कसं असतं? म्हणजे चाळायलाच नको होतं. मला ठाऊक होतं. ठाऊक असून ठाऊक नव्हतं, असं कसं होतं माणसाला?

उद्या सांगेन डॉक्टरांना.

२ जानेवारी २००२, बुधवार

काल दवाखाना बंद निघाला. कुलूप बघून मला बरं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण बरंच वाटलं.

आज सुवर्णाची आई, कुसाबाई आली. यादवच्या फोनवरून निरोप गेला होता. तिनं पट्टी सोडली आणि लेकीचं तोंड उजेडाकडं केलं. मीही बघितलं. डाव्या डोळ्यात बुबुळावर पांढरं आलंय. उजवा सुजून बंद.

कुसाबाई रडली नाही, ओरडली नाही. माझ्याकडं वळून तिच्या अहिराणीत म्हणाली, "पोरले दिसत नही, इहीनबाई. तुमले तरी दिसस ना?" मला दिसतं का, असं विचारलं तिनं. चष्म्याच्या दोन्ही काचांतून दिसत होतं. मग म्हणाली, "मी तिले नाशिकले लई जास." लेकीला नाशिकला नेते, एवढं सांगून थांबली नाही, लगेच गाडी बघायला गेली. मीही पिशवी भरली.

५ जानेवारी, शनिवार

परवा नाशिकला डोळ्यांच्या दवाखान्यात दाखल केलं. जीवन कंपनीतून तसाच, कामाच्या कपड्यांत आला. डॉक्टर बाई आहेत. त्यांनी तेच विचारलं, काय गेलं. सुवर्णा लगेच म्हणाली, "धूळ." मी समोर उभी होते. जीवन उभा होता. मी गप्प.

बाहेर बाकावर सुवर्णा बसली, दोन्ही डोळ्यांना पट्ट्या. जीवन चिडला होता. घाबरलेला माणूस चिडतो तसा. म्हणाला, "अंगणात बसून एवढी धूळ जाते कशी डोळ्यांत? लक्ष कुठं होतं तुझं? आधीच दाखवायचं ना, आठ दिवस काय करत होतीस?" ती मान खाली घालून ऐकत होती. कुसाबाई म्हणाली, "राहू द्या जावईबापू," तरी तो बोलतच होता. आणि ती म्हणाली, "चुकलं माझं."

तेवढं मात्र मला ऐकवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "तिचं नाही रे, माझं चुकलं. धूळ नव्हती. सीताफळाच्या बियांची पूड होती. मी चाळायला लावत होते. महिनाभर डोळे लाल होत होते, मी ऐकलं नाही. आणि कळवणच्या डॉक्टरांना खोटं मी सांगितलं."

जीवन माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं हात उचलेल. उचलला असता तर बरं झालं असतं. तो उठून डॉक्टरीणबाईंना बोलवायला गेला.

बाई माझ्यावर ओरडल्या नाहीत. त्यांनी सगळं विचारून लिहून घेतलं. म्हणाल्या, "पहिल्या दिवशी हे कळलं असतं तर डोळा तिथल्या तिथं तास-दोन तास धुतला असता. आता जखम चिघळलीय. उजवा वाचेल असं वाटतंय. डाव्याचं मी काही बोलत नाही." मग विचारलं, "तुम्हीही तिथंच बसायचात ना? तुमच्या डोळ्यांना काही नाही झालं?" आणि माझं उत्तर यायच्या आतच त्यांची नजर माझ्या चष्म्यावर गेली. मी चष्मा काढून हातात घेतला. काय करावं कळेना, परत घातला.

२० जानेवारी, रविवार

उजवा डोळा उघडला. डाव्यात फूल पडलं. बाई म्हणाल्या, उजेड-अंधार कळेल, बाकी नाही. पुढं ऑपरेशन करून बघता येईल, पण खात्री देत नाहीत.

सुवर्णा एकवीस वर्षांची आहे.

दवाखान्यातून जीवननं तिला परस्पर खोलीवर नेलं. मी पिशवी घेऊन मागं निघाले तर जिन्याच्या खाली थांबला. म्हणाला, "आई, तू गावी जा." मी म्हटलं, "चार दिवस स्वयंपाकाला राहते." तो म्हणाला, "नको. तिची आई हाय. तुला बघितलं की मला बोलायला सुचत नाय." लहानपणी रागावला की असाच गावठी बोलायचा. मी फाट्यापर्यंत एसटीत उभीच होते, बसायला जागा होती तरी.

३ फेब्रुवारी

लिहिण्यासारखं काही नाही.

११ फेब्रुवारी

रेडिओत नवे सेल घातले. लावला नाही.

१९ फेब्रुवारी

यादवच्या दुकानातून फोन केला. जीवननं उचलला. "ती बरी आहे," म्हणाला. मी म्हटलं, "बोलू दे की जरा." तो म्हणाला, "झोपलीय." सकाळचे अकरा वाजले होते.

९ मार्च, शनिवार

गटाची बैठक झाली. पाकिटं माझ्याच घरात पडून होती, प्रदर्शनाला नेलीच नव्हती. नवा हरभरा घरात यायला लागलाय, म्हणून बायकांना पूड हवी होती. लंकाबाईनं बरणीतले दाणे मोजूनच आणले होते. म्हणाली, "साडेचार महिने झाले चंद्राक्का, नुसत्या हरभऱ्यात निम्म्याला भोकं आणि सीताफळात अजून एक नाय. एकसुद्धा नाय! एवढं लागू पडणारं औषध कुणी टाकून देतं का?"

मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं. त्यांना वावटळ ठाऊक होती, बाकीचं नव्हतं. महिनाभर लाल होणारे डोळे, माझे टोमणे, डॉक्टरांपुढची धूळ, सगळं सांगितलं. कुणी माझ्याकडं बघेना. नवसाबाई म्हणाली, "आपण तर पोरींच्या डोळ्याला फडकं बांधतो की गं." मी म्हटलं, "हो. बांधतो."

लंकाबाईनं मोजून आणलेले दाणे बाजूला सारले. मग म्हणाली, "मला चाळायला बसवायची होतीस. माझ्या म्हातारीच्या डोळ्यांचं काय एवढं?" ती लागट बोलली नव्हती, खरंच बोलली होती. मला हुंदका आला.

पाकिटं खोल खड्ड्यात पुरली, विहिरीपासून लांब. कडुलिंब आणि वेखंडाची पूड तेवढी करायची ठरली, तीही डोळ्यांना, तोंडाला बांधून. मॅडमला पत्र लिहून सगळं कळवलं. नाव माझंच घातलं. अध्यक्षपद सोडलं.

१४ मे, मंगळवार

उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी जायचा सण. सुवर्णा माहेरी निघालीय सटाण्याला. वाट वाकडी करून इकडं आली. मला ठाऊकही नव्हतं. दुपारी दारात कोणी ठेचकाळलं म्हणून बघते तर ही. ओट्याची पायरी तिला नीट उमगली नव्हती. जीवन फाट्यावरच थांबला होता, घरी आला नाही.

चार महिन्यांनी बघितलं मी तिला. वाळलीय. डाव्या डोळ्यात पांढरा ठिपका, मोठा, शाबूदाण्याएवढा. मला बघवेना. चहा टाकला, तिला दिला आणि जाऊन तिच्या डाव्या बाजूला भिंतीला टेकून बसले. म्हटलं, इथून तिला मी दिसणार नाही. पदर तोंडात धरला आणि रडून घेतलं.

ती समोर बघतच म्हणाली, "आई, डावीकडं नका बसू. तिकडचं दिसत नाही मला, पण ऐकू येतंय सगळं."

मी उठून उजवीकडं बसले. तिनं नीट बघितलं माझ्याकडं. मी तोंड झाकलं नाही. तिला जेवढं बघायचं होतं तेवढं बघू दिलं.

मग मीच म्हटलं, "सुवर्णे, पुडीचं निमित्त होतं गं. लंकाबाईही चाळू शकली असती. संक्रांतीचंही निमित्तच. तू गेलीस की या घरात मला बोलायला कोणी नव्हतं, म्हणून तुला अडकवून ठेवली." हे मी जीवनला सांगितलं नव्हतं, बायकांना सांगितलं नव्हतं. या वहीतही कधी सरळ लिहिलं नव्हतं.

ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हे न्यायला आले होते ना दिवाळीनंतर? चल म्हणत होते, पूड-बीड काही नाही म्हणत होते. मीच म्हटलं, आई एकट्या पडतील, संक्रांतीपर्यंत राहते. यांनी लय धरून ठेवलंय ते मनात. मला म्हणतात, तेव्हा ऐकलं असतंस तर." मग म्हणाली, "माझ्याही मनात येतं कधी कधी."

 मी त्या दिवशी जिंकले म्हणून लिहून ठेवलंय.

ती कपातला चहा बशीत ओतायला लागली. एका डोळ्यानं अंदाज येत नाही तिला. पहिली धार बशीच्या बाहेर पडली, तिच्या साडीवर. तिनं हात थांबवला आणि कप तसाच अधांतरी धरला. मी बशी उचलली आणि तिच्या कपाखाली धरून बसले.